सिंथेटिक ऑइल घातलं तर सर्व्हिसची मुदत किती वाढवता येते?

घाटवळण:

घरात दोन गाड्या आहेत. पहिली १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१९ची, ६२,००० किमी झालेली. ती पुण्याबाहेर क्वचितच जाते. घर ते ऑफिस ७ किमी, मीटरवर सरासरी वेग ताशी १९ दिसतो. दुसरी १.५ लिटर डिझेल एसयूव्ही, बीएस-६, २०२१ची, ५८,००० किमी. तिची धाव बहुतेक पुणे–कोल्हापूर–बेळगाव हायवेवर, सरासरी वेग ४८. डिझेल गाडीची वाढीव वॉरंटी अजून चालू आहे.

दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये १०,००० किमी किंवा १ वर्ष लिहिलंय. पेट्रोलमध्ये आजवर साधं, म्हणजे मिनरल, ५डब्ल्यू-३० (ऑइलच्या जाडीची ग्रेड) पडलं, आता फुल सिंथेटिक घालायचं ठरवलंय. डब्यावर १५,००० किमी छापलंय, गॅरेजवाले मात्र कुठलंही ऑइल असो, ५,०००ला काढा म्हणतात. शिवाय त्यांचा आग्रह आहे की आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी २०डब्ल्यू-५० बरं.

विचारायचं ते असं: १५,०००पर्यंत जावं का, दोन्ही गाड्यांना एकच नियम लागू होतो का, मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना इंजिन फ्लश करावं लागतं का, आणि ऑइलचा दम संपलाय हे घरच्या घरी ओळखता येतं का?


वंगण:

तुमच्या दोन्ही आकड्यांत उत्तर दडलंय. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर यांचं ऑइल कुणी किलोमीटरवर बदलत नाही, तासांवर बदलतात. मोटारीचंही तसंच बघा. १०,००० किमीला ताशी १९ने भागलं तर ५२६ तास येतात. तेच ४८ने भागलं तर २०८. म्हणजे मॅन्युअलमधल्या एकाच आकड्यावर तुमची पेट्रोल गाडी डिझेलच्या अडीच पट वेळ चाललेली असते, आणि त्यातला बराच वेळ सिग्नलला उभी असते. किलोमीटरचा काटा हे दाखवत नाही.

माझी अंदाजाची पट्टी अशी आहे: साधं मिनरल २०० ते २५० तास, चांगलं सिंथेटिक ३०० ते ४०० तास. ही कुठल्या कंपनीची हमी नव्हे, पण हिशेब सुरू करायला पुरते.

यात छोट्या फेऱ्यांचा जाच वेगळा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिन थंड असताना मिश्रण मुद्दाम गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवलेलं असतं, त्यामुळे न जळलेलं पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये मिसळतं. हे दोन्ही बाहेर काढायचा एकच मार्ग आहे: ऑइल नीट तापलं पाहिजे आणि काही काळ तापलेलं राहिलं पाहिजे. तापमानाचा काटा पाच-सहा मिनिटांत मध्यावर येतो, पण तो काटा कूलंटचा. ऑइल त्याच्या मागून तापतं, ९० अंशांच्या आसपास यायला १५-२० मिनिटं सहज लागतात. तुमची ७ किमीची फेरी नेमकी तिथेच संपते. वर आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे गरम ऑइलमधून ते निघून जातं, कोमट ऑइलमध्ये पाण्यासकट मुक्काम करतं.

पाणी, आम्ल आणि पेट्रोल यांच्यापुढे सिंथेटिकचा बेस, म्हणजे मूळ तेल, फारसा कामाचा नाही. सिंथेटिकची खरी ताकद उष्णतेत आहे. ते लवकर ऑक्सिडाइझ होत नाही, कमी उडतं, टर्बोच्या बेअरिंगवर कोळसा धरत नाही, थंड स्टार्टला पटकन वर पोचतं. म्हणून हायवेच्या गाडीत त्याची मुदत खरोखर वाढते आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत फारच थोडी.

तेव्हा पेट्रोल गाडीला सिंथेटिक जरूर घाला, पण ७,००० किमी किंवा ८ महिने, जे आधी होईल तेव्हा काढा. ते साधारण ३७० तास झाले. आठवड्यातून एकदा ३०-४० मिनिटं सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवलीत तर ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल निघून जाईल. हा उपाय फुकटचा आहे आणि कुठल्याही महागड्या डब्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.


पानाजोड:

२०डब्ल्यू-५० अजिबात घालू नका. उन्हाळ्यात जाड ऑइल हा सल्ला जुन्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनांच्या काळातला. बाहेर ४२ अंश असो की १५, थर्मोस्टॅट इंजिनाला ९०च्या आसपासच ठेवतो आणि ऑइल ९५ ते ११०च्या दरम्यान फिरतं. हवेतल्या फरकाचा परिणाम दिसतो तो सकाळच्या पहिल्या स्टार्टला. १०० अंशांना ५डब्ल्यू-३०ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडी, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये असते. ४० अंशांना तेच ऑइल ६० ते ७०च्या घरात असतं आणि २०डब्ल्यू-५० तिथे १५०च्या पुढे जातं. म्हणजे आपल्या ‘गरम’ हवेतही थंड इंजिनासाठी दोन्ही जाडच आहेत, आणि त्यातलं दुसरं दुपटीहून जाड. व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड, हायड्रॉलिक टॅपेट, चेन टेन्शनर यांची भोकं बारीक असतात. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं, सकाळी दोन-तीन सेकंद चेनचा खडखडाट ऐकू येतो तो त्यामुळेही असू शकतो.

डब्यावरच्या १५,०००चं म्हणाल तर तो ऑइल कंपनीचा आकडा. तिला तुमचं इंजिन, तुमचा रस्ता माहीत नाही. डब्यावर पाहायचं ते हे:

एक, ग्रेड मॅन्युअलमधलीच.

दोन, पेट्रोलला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसपी दर्जा किंवा त्यानंतरचा. एसपी मे २०२०मध्ये आलं. त्यात टायमिंग चेनच्या झिजेची आणि टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमला होणाऱ्या अवेळी ठिणगीविना स्फोटाची चाचणी आहे. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात हा स्फोट पिस्टन फोडू शकतो, त्यामुळे तिथे जुनं एसएम किंवा एसएल स्वस्त मिळालं म्हणून घालणं महागात पडतं.

तीन, मागच्या बाजूची बारीक अक्षरं. ‘अप्रूव्हड’ म्हणजे गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मंजूर केलंय. ‘मीट्स’ किंवा ‘सुटेबल फॉर’ हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा. दोन्हींत फार अंतर आहे.

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेल्या ‘फुल्ली सिंथेटिक’वर मुदत ठरवू नका. १९९९मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांच्या जाहिरातीच्या वादात निकाल लागला आणि तेव्हापासून हायड्रोक्रॅक केलेल्या, म्हणजे खनिज तेलावरच जादा प्रक्रिया करून बनवलेल्या, ग्रुप-३ बेसलाही सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. आज दुकानात मिळणारी बहुतेक फुल सिंथेटिक ग्रुप-३चीच आहेत. ती वाईट नाहीत, उलट रोजच्या गाडीला उत्तम आहेत. पण पीएओ किंवा एस्टर या रसायनांपासून बनवलेल्या महागड्या बेसच्या गोष्टी वाचून त्या आकड्यांवर हे ऑइल ताणू नये.

फ्लशची गरज नाही. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात. जुनं ऑइल गरम असताना पूर्ण उतरवा, फिल्टर बदला, नवं घाला, झालं. बाटलीतलं फ्लशिंग केमिकल ६२,००० किमीच्या इंजिनात चिकटलेला गाळ एकदम सोडवतं आणि तो गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. ऑइल कॅप उघडून आत टॉर्च मारा. कॅमशाफ्टवर पिवळसर-तपकिरी झाक असेल तर चिंता नाही. काळा, बोटाने खरवडता येणारा थर असेल तर पहिला डबा ३,००० ते ४,०००ला काढा, दुसरा ५,०००ला. चांगल्या ऑइलमधलं डिटर्जंट हळूहळू साफ करतं आणि तेच सुरक्षित.


डबलडिक्लच:

डिझेलचा विषय पूर्ण वेगळा आहे, म्हणून त्यावर सविस्तर.

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात काजळी साचते आणि दर काहीशे किलोमीटरला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ती जाळतो. त्यासाठी पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर थोडं डिझेल उशिरा फवारलं जातं, एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळते. उशिरा फवारलेल्या त्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये येतो. पेट्रोल गरम ऑइलमधून उडतं, डिझेल उडत नाही, कारण ते उकळायलाच १८० अंशांच्या पुढे लागतात. एकदा आलेलं डिझेल चेंबरमध्येच राहतं.

शहरात ही जाळण्याची क्रिया अर्धवट सुटते. गाडी बंद केली की थांबते, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा जादा डिझेल. तुमची हायवेची धाव आहे म्हणून तुम्ही बरेच सुरक्षित आहात, तरी खुणा लक्षात ठेवा: आयडल आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर, क्षणिक ॲव्हरेज अचानक पडलेलं, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात चालू. हे दिसलं तर शक्य असेल तिथे गाडी बंद करू नका. १५-२० मिनिटं ६०च्या वर एका लयीत चालवा.

डिझेलमध्ये डिपस्टिक वाचायची ती वाढीसाठी. पातळी मॅक्सच्या वर चढली तर ते ऑइल नसून डिझेल आहे. किलोमीटर ४,००० झाले असोत की ८,०००, त्या दिवशी ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पातळी फारच वर गेली तर क्रँक त्यात आपटून फेस होतो, ऑइलची वाफ इनटेकमध्ये जाते आणि इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत आरपीएम चढवत सुटतं. किल्ली काढूनही असं इंजिन थांबत नाही.

ऑइल कोणतं, यात तडजोड नको. डीपीएफ असलेल्या कारला मॅन्युअलमध्ये एसीईएच्या (युरोपातल्या मोटार कंपन्यांची संघटना) सी२, सी३ किंवा सी५ या दर्जांतलं काय लिहिलंय ते बघून तेच. सी२ आणि सी३मध्ये सल्फेटेड ॲश, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणारी राख, ०.८ टक्क्यांच्या आत असते. ही राख काजळीसारखी जळत नाही, डीपीएफच्या नळ्यांत कायमची बसते. ट्रकसाठीचं सीआय-४ ऑइल उत्तम असेलही, पण त्यात राख जास्त आणि डीपीएफच्या गाडीत ते घालणं म्हणजे फिल्टरचं आयुष्य आपल्या हाताने कमी करणं. डीपीएफची किंमत विचारून बघा, मग डब्यामागे वाचलेल्या दोन-तीनशे रुपयांचं काही वाटणार नाही.

ऑइल काळं दिसतंय म्हणून बदलू नका. डिझेलचं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतंच. काजळी तळाशी बसू न देता अंगावर वागवणं हेच त्याचं काम आहे. डिझेलमध्ये महिनोन्‌महिने ऑइल सोनेरी राहिलं तर मात्र मला शंका येईल.

मुदतीबद्दल: वॉरंटी चालू आहे तोवर १०,००० किमी किंवा १ वर्ष, एक दिवस पुढे नाही. क्लेमच्या वेळी पहिली गोष्ट मागतात ती सर्व्हिसची नोंद आणि बिलं. वॉरंटी संपल्यावर तुमच्या धावेला १२,०००पर्यंत जायला हरकत नसावी. ४८च्या सरासरीने ते २५० तास होतात.


वंगण:

डबलडिक्लच यांच्याशी शब्दन्‌शब्द सहमत, एक भर घालतो. लोक युरोपचं उदाहरण देतात की तिथे ३०,००० किमी किंवा २ वर्षं चालतं. खरं आहे, फोक्सवॅगनची लाँगलाइफ पद्धत तशीच होती. पण त्यासाठी ५०४ ००/५०७ ०० मंजुरीचंच ऑइल लागतं, गाडीत त्या पद्धतीचा हिशेब करणारी यंत्रणा लागते आणि धाव लांब पल्ल्याची असली तरच तो ३०,०००चा आकडा गाठला जातो. आपल्याकडे त्याच गटाच्या गाड्यांना १५,००० किमी किंवा १ वर्षच दिलंय. कंपनीने धूळ, रहदारी आणि इंधन बघून जो आकडा अर्धा केला तो आपण पुन्हा दुप्पट करू नये.

एक गोष्ट मात्र आता बदलली आहे. जुने मेकॅनिक ५,०००चा आग्रह धरतात त्यामागे पूर्वीच्या डिझेलमधला गंधक होता. गंधक जळून आम्ल व्हायचं आणि ऑइलमधला क्षार, म्हणजे टीबीएन, भराभर खाऊन टाकायचं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंधनात गंधक १० पीपीएमवर आला, त्याआधी बीएस-४मध्ये तो ५० होता. टीबीएन आता पूर्वीपेक्षा सावकाश उतरतो. म्हणून डीपीएफ नीट चालणाऱ्या हायवेच्या डिझेलला ५,००० म्हणजे चांगलं ऑइल ओतून देणं आहे.


मुरूमवाट:

सीएनजी गाडी असेल तर? कंपनी फिटेड, १.२ लिटर, अहिल्यानगर–बीड बाजूला रोज ६० किमी, त्यातले १२ किमी कच्चे. ऑइल ८,०००लाही स्वच्छ दिसतं, मग १५,००० का नको? आणि घरच्या १०० सीसी मोटरसायकललाही हेच कारचं सिंथेटिक चालेल का, म्हणजे उरलेलं ऑइल वाया जाणार नाही?


पानाजोड:

मुरूमवाट, आधी मोटरसायकल: नाही चालणार. तिचा क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिन एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, ती क्लचच्या प्लेटवर बसली की क्लच घसरतो. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घ्या. एमबी हे स्कूटरसाठी, कारण तिथला क्लच कोरडा आणि वेगळा असतो.

मोटरसायकलला सिंथेटिक घालून मुदतही ताणू नका. गिअरचे दात ऑइलमधली लांब पॉलिमर साखळी चिरडतात, त्यामुळे जाडी इंजिनापेक्षा गिअरबॉक्समुळे आधी उतरते. चेंबरमध्ये ऑइल असतं लिटरभर. शिवाय १०० सीसीच्या बऱ्याच इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नसतोच, फक्त जाळी आणि गरगर फिरून कचरा बाजूला फेकणारा रोटर. ज्याला फिल्टर नाही त्याची मुदत वाढवण्यात अर्थ नाही. मॅन्युअलमधलं ऑइल, मॅन्युअलमधली मुदत.


वंगण:

सीएनजीचं मी सांगतो. सीएनजीत काजळी जवळजवळ नाही आणि ऑइलमध्ये द्रव इंधन मिसळत नाही, फक्त स्टार्ट पेट्रोलवर होतो तेवढंच. म्हणून ऑइल स्वच्छ दिसतं. रंगावर जाऊ नका. गॅस जास्त तापून जळतो, नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात आणि ती ऑइलशी संयोग पावून त्याला हळूहळू घट्ट करतात. पेट्रोलचं ऑइल पातळ होऊन संपतं, सीएनजीचं जाड होऊन. पिस्टनच्या रिंगांवर आणि ऑइल परत खाली येण्याच्या भोकांत लाखेसारखा थर धरतो, मग गाडी ऑइल पिऊ लागते. इथे सिंथेटिक खरोखर उपयोगी आहे कारण ते उष्णतेला टिकतं, पण १५,००० नको. १०,०००वर थांबा.

तुमच्या बाबतीत तर त्याहून आधी. १२ किमी कच्चा रस्ता म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे सिलिका. ५ ते २० मायक्रॉनचे कण रिंग आणि बोअर यांच्यात बसून पॉलिश पेपरसारखे घासतात. ऑइल फिल्टर यातले बरेच बारीक कण पकडत नाही. ते अडवायचे एअर फिल्टरपाशीच. कच्च्या रस्त्याच्या गाडीचा एअर फिल्टर दर ५,०००ला काढून बघा आणि घाण असेल तर बदला. जोरदार हवा मारून दहादा साफ केलेला कागद चिरतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि सगळी धूळ तिथून आत जाते. हवा मारायचीच तर हलकी आणि आतून बाहेर. फिल्टरच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा बसल्यात ना आणि डब्यानंतरच्या रबरी पाइपाच्या आत बोट फिरवल्यावर धूळ लागत नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहा. धूळ लागली तर त्याच दिवशी गळती शोधा. तुमची मुदत मी ७,५०० ठेवेन.


घाटवळण:

सगळ्यांचे आभार. पेट्रोलचं ७,००० आणि डिझेलचं १०,००० पक्कं केलं. डिझेलची वॉरंटी संपल्यावर १२,०००ला जाण्याआधी लॅबमध्ये ऑइल तपासून घ्यावं असं वाटतं. त्या रिपोर्टमध्ये काय बघायचं? आणि पेट्रोलचं ऑइल घरीच बदलायचं असेल तर काय काळजी घ्यावी?


वंगण:

तपासणी हाच मुदत वाढवायचा एकमेव प्रामाणिक मार्ग आहे. वंगणाच्या औद्योगिक लॅब हे काम ट्रक, जनरेटर आणि खाणीतल्या यंत्रांसाठी रोज करतात, मोटारीचा नमुनाही घेतात.

नमुना असा घ्या: गाडी चालवून ऑइल गरम झालं की ड्रेन बोल्ट उघडा. सुरुवातीची धार तळातला गाळ घेऊन येते, ती जाऊ द्या. मधली धार १०० ते १२० मिली स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरा. पाण्याची बाटली धुऊन वापरलीत तर रिपोर्टमध्ये पाणीच दिसेल. चिठ्ठीवर लिहा: ऑइलवर झालेले किमी, गाडीचे एकूण किमी, ऑइलचं नाव-ग्रेड आणि मध्ये किती टॉप-अप केलं. टॉप-अप लिहिलं नाही तर आकडे फसवतात, कारण ताज्या ऑइलने सगळंच विरळ होतं. शक्य असेल तर त्याच डब्यातल्या न वापरलेल्या ऑइलचाही नमुना एकदा द्या. तुलनेला तोच खरा आधार.

रिपोर्टमध्ये आधी १०० अंशांची व्हिस्कॉसिटी. ५डब्ल्यू-३० असेल आणि आकडा ९.३च्या खाली गेला, फ्लॅश पॉइंट (ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान) ही उतरला, तर इंधन मिसळलंय. इंधन २ टक्क्यांच्या पुढे गेलं की सावध व्हा, ४-५ टक्के म्हणजे ते ऑइल आधीच काढायला हवं होतं. व्हिस्कॉसिटी वर गेली तर काजळी किंवा ऑक्सिडेशन.

मग टीबीएन. नव्याच्या निम्म्यावर आला की बदलायची वेळ. सोबत टॅन, म्हणजे आम्ल, मोजून घ्या. टॅन आणि टीबीएन एकमेकांना गाठतात तिथे ऑइलचं रक्षण संपतं. सी३ ऑइलमध्ये टीबीएन मुळातच कमी असतो, किमान ६ची अट आहे, तर एसीईएच्याच ए३/बी४ दर्जात किमान १०ची. म्हणून सी३चा ४ बघून घाबरू नका आणि ए३/बी४चा ४ बघून निर्धास्त राहू नका.

धातू नुसते मोजू नका, दर हजार किलोमीटरला भागून बघा. १०,०००ला लोह २० पीपीएम म्हणजे हजाराला २. पुढच्या नमुन्यात १२,०००ला २४ आलं तर झीज त्याच गतीने चाललीय, मुदत वाढवून नुकसान झालं नाही. १२,०००ला ४० आलं तर शेवटच्या दोन हजारांत ऑइल हरलंय, मागे या. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढले तर धूळ, एअर फिल्टरकडे बघा. सिलिकॉन एकटाच वाढला आणि नुकतंच इंजिन उघडलं असेल तर तो सीलंटचा असतो. सोडियम आणि पोटॅशियम कूलंटमधून येतात, तिथे वाट बघत बसू नका, हेड गास्केट किंवा ऑइल कूलर तपासा. तांबं आणि शिसं बेअरिंगचं.

एका रिपोर्टवर उडी मारू नका. १०,०००चे दोन नमुने घ्या, ते सारखे आले तर १२,०००, आणि तिथेही नमुना. एका वेळी दोन हजारांहून मोठी पायरी नको.


पानाजोड:

घरी बदलायचं तर आधी मॅन्युअलमधून तीन गोष्टी लिहून घ्या: फिल्टरसह ऑइल किती लागतं, ड्रेन बोल्टचा टॉर्क, आणि बोल्टचा वॉशर कोणता. १.२ लिटर इंजिनांत ऑइल साधारण तीन-साडेतीन लिटर जातं, पण अंदाजाने ओतू नका.

गाडी दहा मिनिटं चालवा, मग पाच मिनिटं थांबा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा किंवा रॅम्प वापरा, मागच्या चाकांना दगड लावा. वरची ऑइल कॅप आधी उघडा म्हणजे धार मोकळी पडते. बोल्ट काढल्यावर १५ मिनिटं तरी ठिबकू द्या. गाडी समोरून उचललेली आणि बोल्ट चेंबरच्या पुढच्या बाजूला असेल तर बरंच जुनं ऑइल आतच राहतं, अशा वेळी शेवटी गाडी सपाट करून पुन्हा निथळू द्या.

वॉशर दर वेळी नवा. बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, सरळ बसतोय याची खात्री झाली की मग पाना. अनेक छोट्या गाड्यांत टॉर्क ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर लांब पान्यावर जोर लावून आटे मरतात आणि मग सगळा चेंबर बदलायची पाळी येते. गॅरेजमध्ये ऑइल बदलल्यानंतरच्या गळतीचं हे एक मोठं कारण आहे.

जुना फिल्टर काढला की त्याचं रबर फिल्टरसोबतच आलंय ना ते पाहा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि वर नवा फिल्टर चढवला तर दोन रबरांमधून काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर येतं. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवा, त्यापुढे पाऊण फेरी. घट्ट करायला पट्टा-पाना नको, तो काढण्यासाठी. सिंथेटिकची लांब मुदत धरलीय तर फिल्टरही अस्सलच घ्या. स्वस्त फिल्टरचा परत-वाहू न देणारा रबरी पडदा काही महिन्यांत कडक होतो आणि रोज सकाळी इंजिन कोरडं सुरू होतं.

ऑइल ठरलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन एक मिनिट चालवा, फिल्टर आणि बोल्ट पाहा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघत भर घाला. मिन आणि मॅक्सच्या मध्याच्या थोडं वर पुरे. नंतर दर १,००० किमीला सपाट जागी पाहत राहा. मुदत वाढवणाऱ्याने हे टाळलं तर त्याचं इंजिन ऑइल जुनं झाल्यामुळे जाणार नाही, कमी झाल्यामुळे जाईल. हजार किमीला अर्धा लिटर घटत असेल तर मुदतीचा विचार सोडून आधी कारण शोधा.

पावसाळ्यात ऑइल कॅपच्या आतून दुधाळ फेस दिसला तर डिपस्टिकही पुसून बघा. फेस फक्त कॅपला आणि कूलंटची पातळी स्थिर असेल तर ती छोट्या फेऱ्यांची वाफ आहे, एक लांब फेरी मारा. डिपस्टिकवरही दुधाळ आणि कूलंट घटतोय, तर गाडी चालू करू नका, टोइंग बोलवा.

डबे विकत घेताना सीलची रिंग, बॅच आणि उत्पादनाची तारीख बघा, बिल घ्या. रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला मोठं भोक पाडा, भरून पुन्हा विकायची सोय ठेवू नका. जुनं ऑइल त्याच डब्यात भरून ठेवायचा मोह टाळा, वेगळ्या कॅनमध्ये घेऊन अधिकृत वर्कशॉपला द्या, ते नोंदणीकृत रिसायकलरकडे जातं. गटारात, झाडाखाली किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायला ते वापरू नका. त्यात शिसं आणि जळलेल्या इंधनाचे कर्करोगकारक अंश असतात, म्हणून हे सगळं काम हातमोजे घालूनच करा.